जाहीर खुलासा

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांची, तालुक्याच्या गावात शाळेत शिकवते. आमच्या हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवलं होतं. प्राथमिक फेरीचा प्रयोग लांबला, शेवटची एसटी गेली, म्हणून आम्ही सहाजण सेटच्या टेम्पोतून पहाटे गावात आलो. दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा आणि सहकलाकाराचा नाटकातलाच एक फोटो फिरला, खाली ओळ, ‘तालमीनंतरची तालीम’. त्याचं लग्न झालेलं आहे. याला तीन महिने झाले. माझा साखरपुडा झालाय. होणारा नवरा म्हणतो, कुठंतरी पाणी मुरतंय, नाटक सोड. शाळेत मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबतं. परवा फिल्म क्लबमध्ये चिनी अभिनेत्री रुआन लिंगयूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. ‘लोकांची जीभ भयंकर असते’ असं लिहून तिनं जीव दिला. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. माझंच वाटतं. नाटक सोडू का?
– श.

श.,

नाटकाचं नंतर बघू. आधी त्या वहीबद्दल.

सरळच विचारते, कारण आडून विचारण्यात अर्थ नाही: जीव द्यायचा विचार मनात येतो का? एकदाही आला असेल तर हे उत्तर पुढं वाचायच्या आधी घरातल्या एका माणसाला सांग. घरात कुणी नसेल तर टेम्पोतल्या पाचांपैकी एकाला. आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्री अडीच वाजताही कुणीतरी उचलतं.

आता त्या वाक्याचं. तू ते उतरवून घेतलंस, पण ते रुआनचं आहे की नाही, हेच ठरलेलं नाही. ८ मार्च १९३५ ला, वयाच्या २४ व्या वर्षी ती गेली, आणि ती चिठ्ठी छापायला दिली ती तिच्यासोबत राहणाऱ्या चहाच्या व्यापाऱ्यानं. पुढं वेगळाच मजकूर असलेल्या चिठ्ठ्या पुढं आल्या. त्यात लोकांच्या जिभेपेक्षा त्या व्यापाऱ्याबद्दल आणि तिच्या आधीच्या जोडीदाराबद्दलच जास्त होतं. खरं काय यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्यातलं एवढंच दिसतं की दोष ‘लोकांवर’ गेला की घरातली माणसं सुटतात.

ही माणसं कोण, तेही बघ. रुआनची आई शांघायमधल्या एका घरात मोलकरीण होती. त्याच घरचा मुलगा, झांग दामिन, हा रुआनचा पहिला जोडीदार. ती १६ व्या वर्षी चित्रपटात आली, कमवायला लागली. तो उडवायला लागला. वेगळं होताना तिनं त्याला दरमहा पैसे द्यायचं कबूल केलं. तरी त्यानं तिला कोर्टात ओढलंच. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तारीख होती. वर्तमानपत्रंही तिच्यावर खार खाऊन होती, कारण तिच्या ‘नवी स्त्री’ या चित्रपटात पत्रकारांची बरी अब्रू काढली होती. लू शुन या मोठ्या लेखकानं तेव्हाच लिहिलं की बलवानांपुढं वर्तमानपत्रं दुबळी असतील, पण अशा एकट्या बाईपुढं ती बलवानच असतात.

तू तिच्या मरणावरचा चित्रपट पाहिलास. तिचा स्वतःचा ‘देवी’ पाहा, १९३४ चा मूकपट. त्यात ती मुलाला शिकवण्यासाठी रस्त्यावर उभी राहणारी बाई आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असतं, मुलगा स्टेजवर, ही खाली बसून हरखून बघतेय. आणि तिच्याच आसपास एक बाई दुसरीच्या कानाला लागते, दुसरी तिसरीच्या. हिला पत्ताच नाही, ही टाळ्या वाजवतेय. तुझी स्टाफरूम आठवेल. पुढं म्हातारे मुख्याध्यापक चौकशीला घरी जातात, सगळं ऐकून घेतात, तिच्या बाजूनं शाळेच्या मंडळाशी भांडतात, आणि कुणी ऐकत नाही म्हटल्यावर राजीनामा देतात. मला तो म्हातारा रुआनइतकाच आवडतो. त्याच्याकडं परत येते.

आता दुसरी बाई. तेच शांघाय, तीच वर्षं. हू दिए. १९०८ चा जन्म. खरं नाव वेगळं. हे पडद्यावरचं, आणि चिनीत ते ‘फुलपाखरू’ या शब्दासारखंच ऐकू येतं. गालावरच्या खळ्या प्रसिद्ध. १९२८ मध्ये रुआन आणि ती एका चित्रपटात एकत्र होत्या. चीनचा पहिला बोलपट १९३१ चा, नायिका हीच. वडील रेल्वेत नोकरीला असल्यानं लहानपणी उत्तरेत राहिलेली, त्यामुळं शुद्ध भाषा तोंडात बसलेली. मूकपटातल्या बऱ्याच जणी माईक आल्यावर गडबडल्या, ही नाही.

तुझ्याबद्दल गाव काय म्हणतं? टेम्पो. हिच्याबद्दल काय म्हटलं गेलं ते ऐक. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री जपानी सैन्यानं शेनयांगवर हल्ला केला आणि ईशान्य चीन हातचा गेला. तिथला सेनापती झांग श्वेलियांग त्या रात्री काय करत होता? तर म्हणे हू दिएला मिठीत घेऊन नाचत होता. नोव्हेंबरात मा जुनवू या नामवंत विद्वानानं त्यावर कविताच छापली, आणि ती देशभर पाठ झाली. बाईनं देश बुडवला! कॅरेक्टरवर नव्हे, देशद्रोहावर गेलेली अफवा होती ती. आणि त्या बाईनं त्या सेनापतीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. ती आपल्या कंपनीच्या चमूबरोबर शूटिंगसाठी उत्तरेकडं निघालेली होती, एवढंच.

तिनं काय केलं? रडली असेलच, माणूस होती. पण ‘शेन बाओ’ या मोठ्या दैनिकात आपल्याकडं ‘जाहीर खुलासा’ छापतात ना, तसा खुलासा दिला. मी या माणसाला ओळखत नाही, हे खोटं आहे. आणि तिच्या खुलाशाबरोबरच मिंगशिंग कंपनीचे दिग्दर्शक झांग शिचुआन आणि बाकीच्या सहकाऱ्यांचाही खुलासा आला: त्या दिवसांत ही आमच्यासोबत होती. मग ती कामाला लागली. १९३३ मध्ये एका दैनिकानं वाचकांकडून ‘चित्रपटांची राणी’ निवडली. हू दिएला २१,३३४ मतं पडली. तिसऱ्या क्रमांकावर रुआन होती, ७,२९० मतांवर.

आता तू म्हणशील, ताई, ती राणी, मी मास्तरीण. बरोबर आहे. पण दोघींमध्ये फरक मतांचा नव्हता. एकीच्या खुलाशाबरोबर सहकाऱ्यांच्या सह्या होत्या, दुसरीच्या बाजूनं ठामपणे सही करणारं कुणी नव्हतं. हू दिए धीराची होती म्हणून वाचली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं रुआनवर अन्याय होईल. मूकपटातला तो मुख्याध्यापक रुआनला खऱ्या आयुष्यात मिळाला नाही.

म्हणून तुला माझं सांगणं. तू एकटीनं ग्रुपवर काही लिहू नकोस. टेम्पोत सहाजण होते ना? सहाही जणांच्या नावानं चार ओळी लिहा: अमुक तारखेला प्रयोग, इतक्याला संपला, एसटी नव्हती, आम्ही सहाजण सेटसोबत आलो, फोटो नाटकातला आहे. बस. ‘माझी बदनामी’, ‘माझ्या भावना’ हे शब्द नकोत, टोमणा नको, हात जोडणारी इमोजी तर अजिबात नको. सहकलाकाराच्या बायकोचं नाव त्यात आलं तर उत्तम, पण आधी तिला भेट. या तीन महिन्यांत तिचं काय झालं असेल याचा तुझ्या पत्रात एक शब्दही नाही. मुख्याध्यापकांना प्रत हातात दे. टाकणारा त्यानंतरही थांबला नाही तर स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जा, संस्थेच्या अध्यक्षांना बरोबर घेऊन. त्यानंतर एकाही टोमण्याला उत्तर देऊ नकोस. उत्तर एकदाच.

आणि कुजबुज पूर्ण थांबेल अशी आशा धरू नकोस. १९६४ मध्ये, ३३ वर्षांनी, हू दिए तैवानला गेली. झांग श्वेलियांग तिथं नजरकैदेत होता. कुणीतरी विचारलं, भेटायचं का? ती म्हणाली नको. तेव्हा ओळख नव्हती, आता भेटले तर लोक म्हणतील बघा. ती साठीकडं आलेली, त्यानं साठी ओलांडलेली, तरी!

होणाऱ्या नवऱ्याचं. हू दिएचाही आधी एक साखरपुडा झाला होता, एका नटाशी. तो कोर्टात जाऊन मोडला, वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने मिटक्या मारत छापलं. पुढं १९३५ मध्ये तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. तुझ्या त्याला मी लगेच बाद करत नाही. माणूस घाबरला की असं बोलतो. तालमीला बोलाव त्याला, एक संध्याकाळ शेवटच्या रांगेत बसू दे. पण तरीही ‘नाटक सोड’ हीच अट राहिली, तर पाणी कुठं मुरतंय ते मला तरी कळलं.

हू दिए ५२ व्या वर्षी, नवरा गेल्यानंतर पुन्हा पडद्यावर आली, आणि १९६० च्या ‘मागचं दार’ या चित्रपटासाठी आशियाई चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक घेऊन गेली. १९८९ मध्ये व्हँकुव्हरला वारली, ८१ वर्षांची होऊन.

नाटकाबद्दल विचारलं होतंस. तुमचा निकाल काय लागला, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस. पुढच्या पत्रात तेवढं कळव, आणि त्या चार ओळींचा कच्चा मसुदाही पाठव. टोमणे मी खोडून देईन.

– ताई