बाबांना विरंगुळा नको, अडायला काहीतरी द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६६ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त, तब्येत ठणठणीत, पण दिवस जातो टीव्हीसमोर आणि मोबाइलवर आलेले निरोप पुढे ढकलण्यात. हास्यक्लबात नाव घातलं तर आठवड्यात सोडून आले. आता कोणता क्लास लावावा?

क्लासचं नंतर बघू, आधी कान तपासून घ्या. वयाबरोबर बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. मग स, त, फ असली अक्षरं निसटतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घोळक्यात तर सगळाच गलका. असा माणूस 'मला नाही आवडत असलं' म्हणतो आणि घरी बसतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले काही माणूसघाणे श्रवणयंत्र लागल्यावर चांगलेच गप्पिष्ट निघाले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांची यादी दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे, लोकांत न मिसळणंही आहे. एकातून दुसरं कसं येतं हे आम्ही संघात बघतोच.

आता क्लास. मन रमवणं वेगळं आणि शिकणं वेगळं, एवढं पक्कं धरा. अमेरिकेत डॅलसला डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या लोकांवर एक प्रयोग केला होता. काहींना डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम नव्याने शिकवलं, काहींनी नुसत्या गप्पा, सहली, खेळ केले. आठवड्याला १५ तासांच्या आसपास, तीन महिने. स्मरणशक्तीत फरक दिसला तो शिकणाऱ्यांमध्ये, त्यातही फोटोग्राफीवाल्यांमध्ये जास्त. गप्पा मारणाऱ्यांचा वेळ मजेत गेला, स्मरणशक्तीला तसा लाभ झाला नाही. तेव्हा डोकं अडेल असं काहीतरी हवं.

तुमच्या बाबांसाठी मी मोडी लिपी सुचवेन, जुने मराठी कागद जिच्यात लिहिलेत ती. आयुष्यभर लाइनवरचे फॉल्ट शोधलेल्या माणसाला हे काम मानवेल असा माझा अंदाज. मुळाक्षरं थोड्या दिवसांत येतात आणि शिकणारा खूश होतो. मग खरा कागद समोर आला की पाणी पाजतो. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तुटतो ते अर्थ लागल्याशिवाय कळत नाही आणि शब्द तुटल्याशिवाय अर्थ लागत नाही. एकेका ओळीवर तास जातो. हा तास म्हणजेच व्यायाम!

तारखांचं तर वेगळंच प्रकरण. पेशवेकालीन कागदावर 'इसन्ने समानीन मया व अलफ' असं काहीतरी असतं. हे अरबी संख्याशब्द आहेत: दोन, ऐंशी, शंभर, हजार. बेरीज ११८२, हे सुहूर साल, म्हणजे त्या वेळच्या कागदांवरची वर्षगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन निघतो, म्हणजे १७८१-८२. दोन आकडे का, तर हे साल सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतं, जानेवारीत नाही. हा हिशेब पहिल्यांदा जुळतो तेव्हा सत्तरीतली माणसं शाळकरी पोरांसारखी ओरडतात, हे मी पाहिलंय.

शिवाय हे काम खोटं खोटं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि मोडी वाचणारे कमी. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे मोडीचे वर्ग निघत असतात. पुढचा केव्हा, ते तिथेच विचारा.

बाबांना जुन्या कागदांचं वावडं असेल तर सोडून द्या. गाण्याचा कान असेल तर गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा आहे, मुक्त विद्यापीठाला वरची वयोमर्यादा नाही, केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर अभ्यासक्रम फुकट आहेत. पण कारण त्यांचं स्वतःचं हवं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणेत २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली ती टिकली, कारण आज्यांना पोथी वाचायची होती आणि अंगठ्याऐवजी सही करायची होती. ते काही मुलासुनांनी ठरवून दिलेलं नव्हतं. तेव्हा तुम्ही परस्पर फॉर्म भरू नका, फी तर मुळीच भरू नका.

एकट्याने व्हिडिओ बघून शिकणं बहुतेकांचं महिन्याभरात थंडावतं. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली ज्येष्ठांसाठी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं, तिथे प्राध्यापक शिकवत. ही कल्पना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये गेली तेव्हा पीटर लॅस्लेट, मायकल यंग वगैरे मंडळींनी प्राध्यापकच काढून टाकले. परीक्षा नाही, पदवी नाही. सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. मला हीच रीत पटते. दोन धडे पुढे असलेल्याने मागच्याला शिकवायचं. तीन-चार जण आणि ठरलेला वार एवढं पुरतं. पुढच्या गुरुवारी आपल्याला शिकवायचंय म्हटल्यावर माणूस बुधवारी रात्री टीव्ही आपणहून बंद करतो.

शरीराचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे. आपले लोक चालतात, बाकीचं विसरतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, इथपासून सुरुवात होते. गुडघे किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून. वर्ग लांब असला तरी गाडीने सोडायला जाऊ नका. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट आहे, चढू-उतरू दे त्यांना.

गावच्या घरी माळ्यावर जुने कागद आहेत का, तेही बाबांना विचारा. असतील तर सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि ए-३ आकारात छापून त्यांच्यासमोर ठेवा, भिंगाशिवाय वाचता येतील. मूळ कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घडीवर फाटत असतील तर उलगडण्याच्या फंदात न पडता तसेच पुराभिलेखागारातल्या माणसांना दाखवा.