सहावीतल्या मुलीला अक्षांश-रेखांश पाठ आहेत पण समजत नाहीत, काय करू? पृथ्वीगोल घ्यावा का?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागच आला. तुमच्यावर नाही, माझ्या दादावर. तुम्ही लिहिलंय की मुलगी व्याख्या धडाधडा म्हणते, 181 अक्षवृत्तं, 360 रेखावृत्तं, सगळं तोंडपाठ, पण नागपूर कोणत्या गोलार्धात ते विचारलं की गप्प. आमच्या घरातही असाच एक हुशार विद्यार्थी होता, आज तो 54 वर्षांचा आहे आणि अजून गप्प होत नाही, एवढाच फरक.

मी भूगोलाचा मास्तर नाही. सोलर पॅनल बसवतो, नागपुरात आणि इकडे वर्धा-हिंगणघाटपर्यंत. दहावीला भूगोलात काठावर पास. पण आज माझं पोट अक्षांशावर चालतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला करतो कारण आपण उत्तर गोलार्धात आहोत, हाच धंदा ऑस्ट्रेलियात केला असता तर उत्तरेला केलं असतं. आणि पॅनल तिरपं किती, तर साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतकं, नागपूर 21 अंशांवर म्हणून आम्ही 20-21 च्या आसपास ठेवतो. झाला की नाही गोलार्ध, झाला की नाही अक्षांश? मुलीला गच्चीवर न्या आणि शेजाऱ्याचं पॅनल दाखवा, विचारा हे असं वाकडं काऊन ठेवलं असेल.

आता पृथ्वीगोलाचं. दादा सहावीत पहिला आला तेव्हा बाबांनी सीताबर्डीवरून त्याला पत्र्याचा पृथ्वीगोल आणून दिला होता. मला हात लावायची मनाई. मी लावला, जोरात फिरवला, स्टँडवरून निखळून फरशीवर पडला आणि पॅसिफिक महासागरात पोचा आला. दादानं एक ठेवून दिली, वरून विचारलं, "अक्षवृत्त म्हंजे काय ते तरी मालूम आहे का बे तुले?" मला नव्हतं. तो पोचा आलेला गोल आजही त्याच्या शोकेसमध्ये आहे आणि पाहुणे आले की ती गोष्ट निघते. पोचा नेमका नागपूरच्या पाठीमागे आहे, म्हणजे नागपुरातून सुई घालून आरपार काढली तर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला त्या भर समुद्रात निघते, हे मला फार नंतर कळलं. नागपूर उत्तर आणि पूर्व गोलार्धात, तर तो पोचा दक्षिण आणि पश्चिम गोलार्धात. हे मुलीला करून दाखवा, गोलार्ध जन्मात विसरणार नाही.

तर दोन वर्षांपूर्वी दादाच्याच गच्चीवर पॅनल बसवायचं काम मला मिळालं (घरचं काम, म्हणजे पैसे अजून येऊन राहिले). स्ट्रक्चर उभं करत होतो, हा खाली खुर्ची टाकून बसलेला. म्हणे, एवढं तिरपं कशाला, आणि मेमध्ये काय करशील? मी म्हटलं मेमध्ये सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, काही फरक पडत नाही. झालं. "नागपुरात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. कर्कवृत्त 23.5 वर, भोपाळ-विदिशा रोडवर तशी पाटी आहे, मी स्वतः उतरून फोटो काढला आहे. सूर्य तिथे येतो, 21 जूनले. तू मले भूगोल शिकवून राहिला का?"

बघा, पाठांतरवाल्याची अडचण ही. कर्कवृत्ताचं वाक्य चुकीचं नाही, अर्धं आहे. कर्कवृत्त ही सूर्याची शेवटची हद्द, तिच्या उत्तरेला तो कधी डोक्यावर येत नाही. पण तिथपर्यंत तो उडी मारून जातो का? मी म्हटलं, दादा, सीताबर्डीहून कामठीला जाणारी बस इंदोऱ्यावरून जाते की नाही? आणि परत येतानाही इंदोऱ्यावरूनच येते की नाही? तर कामठी म्हणजे कर्कवृत्त आणि आपण इंदोरा. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या डोक्यावरून जातो, 26 मेच्या सुमारास जाताना आणि 17 जुलैच्या सुमारास येताना. पैज लागली, सावजी मटणाची, हरणारा पूर्ण घराला खाऊ घालणार.

26 मे, म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) नुकताच लागलेला. गच्ची अशी तापलेली की चप्पल चिकटत होती. वहिनीनं जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांना धक्का न लावता मी रंगाच्या रिकाम्या बादलीत रेती भरली, त्यात तीन फुटी पीव्हीसी पाईप उभा केला, दोन बाजूंनी ओळंबा धरून सरळ केला. पावणेबारापासून उभा होतो, डोक्याला दुपट्टा बांधून. सावली सरकत सरकत आखूड होत होती. दादाला सांगितलं होतं बारा वाजता ये. तो बाराला आला, मोबाईल बघितला, बारा म्हणजे बारा, आणि पाईपच्या बुडाशी पश्चिमेला दोन-अडीच बोटं सावली. स्पष्ट. "हे काय आहे? सावलीच आहे ना? खतम." आणि गेला खाली, कूलर लावून दार लोटून घेतलं.

मी तिथंच उभा. खरं सांगतो, त्या मिनिटाला मलाही वाटलं की आपणच चुकलो. वहिनी कुरडया परतायला वर आली, मला म्हणे, "भाऊजी, उन्हानं चक्कर येईल, चला खाली." आणि तेवढ्यात दोघांनीही पाहिलं. ती दोन बोटं सावली एक बोट झाली, मग नखाएवढी, मग पाईपच्या आत शिरली आणि गेली. पाईप उभा आहे आणि रेतीवर काहीच नाही, जसं फोटोत चिकटवलं आहे. पाण्याच्या टाकीची सावली बरोब्बर टाकीच्या खाली. घड्याळात 12 वाजून 10 मिनिटं. मी दादाला हाका मारल्या, पण कूलरच्या आवाजात त्याला काय ऐकू येते.

चूक माझीच होती, आणि तुमच्या मुलीला रेखांश समजवायला याच्यापेक्षा चांगली चूक सापडायची नाही. अक्षांशावरून तारीख मी बरोबर काढली, रेखांश विसरलो. आपल्या घड्याळातले बारा हे 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखांशाचे बारा, जो मिर्झापूरजवळून जातो. नागपूर 79.1 वर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात (24 तासांत 360 अंश, करा भागाकार). फरक 3.4 अंशांचा, म्हणजे सूर्य आपल्याकडे साडेतेरा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यातून 3 मिनिटं कमी झाली कारण सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही, मेअखेरीस थोडा पुढे असतो. म्हणून बारा दहा. मुंबईवाल्यांचे माथ्यावरचे बारा आपल्यापेक्षा 25 मिनिटांनी उशिरा वाजतात, तरी टीव्हीवरच्या बातम्या सगळ्यांना एकाच वेळी.

आता मुख्य गोष्ट, हीच मुलीला सांगा, बाकीचं माझं पुराण सोडून दिलं तरी चालेल. नकाशात नागपूर आणि सुरत बघा, दोन्ही 21 अंशांच्या थोडं वर, जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर. म्हणून सुरतेतही सावली त्याच दिवशी जाते, फक्त घड्याळात 25 मिनिटांनी. आता नागपूर आणि तंजावर बघा, दोन्ही साधारण 79.1 रेखांशावर (इकडे पण भोसले तिकडे पण भोसले, तो वेगळा विषय). तंजावरात सूर्य नागपूरबरोबरच, एकाच क्षणी त्या दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो, पण ते गाव 11 अंशांच्याही खाली, म्हणून तिथली सावली एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच जाऊन येते. म्हणजे अक्षांश कॅलेंडर ठरवतो, रेखांश घड्याळ ठरवतो. मला हे चाळिशीत पाईपनं शिकवलं, शाळेत कोणी सांगितलं असतं तर ती एक थापड तरी वाचली असती.

अक्षवृत्त आणि अक्षांश यात पोरं गोंधळतात, त्याचं सोपं आहे. वृत्त म्हणजे रेघ, अंश म्हणजे कोन. कोन हातात धरून दाखवायचा असेल तर 21 मार्चच्या आसपास भर दुपारी मीटरभर काठी उभी करा, सावली 39 सेंटिमीटरच्या जवळपास पडेल. काठीचं टोक आणि सावलीचं टोक दोऱ्यानं जोडा, वरच्या टोकाशी काठी आणि दोऱ्यात जो कोन होतो तो कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजा, 21 निघतो. तोच नागपूरचा अक्षांश. आणि रेघांसाठी आपलं संत्रं आहेच, त्यासाठी बाजारात जायची गरज नाही. सोललं की फोडींमधल्या रेघा म्हणजे रेखावृत्तं, देठापाशी सगळ्या एकत्र येतात. दुसरं संत्रं आडवं कापा, चकत्यांच्या कडा म्हणजे अक्षवृत्तं, कधीच एकमेकांना भेटत नाहीत आणि देठाकडे लहान लहान होत जातात. विषुववृत्तावर एका अंशाच्या दोन रेखावृत्तांत 111 किलोमीटर असतात, नागपूरपर्यंत येता येता 104 उरतात, ध्रुवावर शून्य. फोड मधे जाड, टोकाला बारीक, तेच.

एक मात्र करू नका, नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडापाशी नेऊन "इथून शून्य सुरू होतं" असलं काही सांगू नका. माझ्या भाच्याला तेवढ्यावरून वाटायचं की शून्य अंश रेखांश नागपुरातून जातो. तो जातो लंडनच्या ग्रीनिचमधून, 1884 साली वॉशिंग्टनला बसून देशांनी ठरवलं. आपला दगड मैलांचा आणि मोजणीचा आहे, त्याला अंशाशी देणंघेणं नाही. तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढा आणि मेट्रोनं परत या. त्यापेक्षा कधी हिंगणघाटला नेता आलं तर न्या. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज 1802 मध्ये मद्रासहून निघाला, अर्धा टन वजनाचं थिओडोलाईट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन रेखावृत्ताच्या कडेकडेनं भारत मोजत वर आला आणि नागपूरला पोचायच्या आधी 1823 मध्ये हिंगणघाटात वारला. कबर तिथेच आहे. मी तिथल्या एका जिनिंगवाल्याकडे साईट बघायला गेलो होतो, तिथल्या माणसालाही माहीत नव्हतं. पृथ्वीवर एक अंश म्हणजे नेमकं किती अंतर, हे मोजता मोजता त्या माणसाचं आयुष्य गेलं, आणि आपण पोरांकडून 181 आणि 360 पाठ करून घेतो.

पृथ्वीगोल घ्यायचा का, हो, घ्या. मोबाईलवरचा सपाट नकाशा ध्रुवाकडचं सगळं फुगवून दाखवतो, ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या 14 पट आहे. आत दिवा लागणारा महागडा घेऊ नका, दिवाच आधी जातो. आस तिरपी असलेला साधा घ्या आणि शोकेसमध्ये ठेवू नका, पोरीला पाडू द्या.

बरं, काही गोष्टी राहिल्या. परीक्षेत व्याख्याच लिहावी लागते, त्यामुळे पाठांतर एकदमच सोडू नका, मार्क त्याचेच आहेत. सावली बघायची, सूर्याकडे बघायचं नाही. तारीख एखाद्या दिवसानं मागेपुढे होते. नवतप्यात पोरीला अर्धा तास गच्चीवर उभं ठेवू नका, बारा पाचला न्या, बारा पंधराला खाली आणा, कांदा-पन्हं काय ते बघा. आणि 26 मे ते 17 जुलै सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते, तेव्हा "मग तुझं पॅनल उलटं बसवलं आहे" असं कोणी म्हटलं (दादा म्हणाला) तर उत्तर असं की तो जास्तीत जास्त सव्वादोन अंश उत्तरेला जातो, त्यातही अर्धे दिवस ढग, उरलेले दहा महिने तो दक्षिणेलाच आहे.

मटण अजून कोणी खाऊ घातलं नाही. दादा म्हणतो बारा म्हणजे बारा. फोटो दाखवला तर म्हणतो मोबाईलमध्ये आजकाल काहीही करता येतं. वहिनीला साक्षीला बोलावलं तर ती म्हणाली, तुमच्या भावाभावांत मला ओढू नका, मी कुरडया परतत होते. पुढची तारीख 17 जुलै, सूर्य तेव्हा घड्याळाच्या मागे असतो म्हणून बारा वीसला. दादानं हो म्हटलंय, लगेच म्हटलंय, कारण जुलैत त्या वेळी नागपुरात आभाळ कसं असतं हे त्याला चांगलं माहीत आहे.