सहा महिने मोजायचे ते अर्जाच्या तारखेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: "१० नोव्हेंबरला मी टेक्सासमधल्या प्लेनोहून कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहायला आलो. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स त्याच महिन्यात घेतलं. एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचे परवाने सोडतीने देतात. २८ मार्चला त्या ड्रॉसाठी 'रेसिडेन्ट' म्हणून अर्ज केला आणि पहिल्या रायफल सीझनचा टॅग, म्हणजे परवाना, लागला. आता मित्र म्हणतो, तू तेव्हा रेसिडेन्ट नव्हतासच. शिकार ऑक्टोबरात आहे, तोवर अकरा महिने होतील. फरकाचे पैसे भरून मिटवता येईल का? आणि मुळात जंगल फेडरल सरकारचं, फेडरल टॅक्स सगळेच भरतात, मग बाहेरच्यांना पंचवीसच टक्के टॅग, हा भेदभाव नाही का? मी एच-१बी व्हिसावर आहे. रायफल स्वतःची, टेक्सासात घेतलेली."

तुमच्या पत्रातली सगळ्यात जड वाक्यं शेवटची दोन आहेत, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. त्यांच्याकडे येतोच. आधी तारीख.

मेअखेरीस ड्रॉचे निकाल लागले की अशी पत्रं सुरू होतात. कुणी मोंटानात केबिन घेतलेली असते, कुणाचा मुलगा वायोमिंगला कॉलेजात असतो, कुणाचं एक घर डेन्व्हरला आणि एक फीनिक्सला. रहिवासी ठरायला किती काळ राहावं लागतं, ती मुदत राज्यागणिक वेगळी: मोंटानात १८० दिवस, न्यू मेक्सिकोत ९०, वायोमिंगला पूर्ण एक वर्ष आणि त्या वर्षात दुसऱ्या कुठल्याही राज्यात, कुठल्याही कामासाठी, रहिवासी म्हणून हक्क सांगितलेला नसावा. केबिन घेऊन रहिवासी होता येत नाही, एवढं त्या केबिनवाल्यांना इथेच सांगून टाकतो.

कोलोरॅडोच्या वन्यजीव कायद्यात अट आहे सलग सहा महिन्यांची, आणि ते सहा महिने शिकारीच्या लायसन्ससाठी अर्ज करण्याच्या किंवा ते विकत घेण्याच्या लगेच आधीचे असावे लागतात. निकालाच्या आधीचे नाहीत, शिकारीच्या आधीचे तर नाहीतच. १० नोव्हेंबरपासून सहा महिने १० मेला पुरे होतात. तुमचा अर्ज २८ मार्चचा. त्या दिवशी तुम्ही बाहेरचे होता, आणि ऑक्टोबरापर्यंत कितीही महिने झाले तरी मार्चचा अर्ज मागे जाऊन बरोबर होत नाही.

ड्रायव्हिंग लायसन्सचा इथे काही उपयोग नाही. ते राज्यात राहायला आल्यापासून तीस दिवसांत घ्यायचंच असतं. त्याच राज्यात कॉलेजची रहिवाशांची फी हवी तर बारा महिने मोजतात. प्रत्येक खात्याची मोजपट्टी निराळी आहे, आणि तुम्ही एका खात्याचं कार्ड दुसऱ्या खात्याच्या रकान्यात लावलंत. अर्ज भरताना त्या रकान्याशेजारी दिलेली व्याख्या वाचायला दोन मिनिटं लागली असती.

"दोन महिने इकडचे तिकडे, कुणाला कळणार" असा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. तुमच्या येण्याची तारीख सरकारदरबारी तीनदा नोंदली गेली आहे. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याकडे भरायचा एआर-११ फॉर्म. कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं म्हणून कंपनीने केलेली सुधारित एच-१बी पिटिशन. आणि कोलोरॅडोचा अर्धवट वर्षाचा टॅक्स फॉर्म, डीआर ०१०४पीएन, ज्यात 'या तारखेपासून या तारखेपर्यंत रहिवासी' असा रकानाच आहे. तिन्हींत नोव्हेंबर आहे.

आता फरकाचे पैसे. एल्कचा टॅग रहिवाशाला सत्तरेक डॉलरला पडतो आणि बाहेरच्याला आठशेच्या वर, म्हणून तुम्हाला हा पैशांचा हिशेब वाटतोय. पैसे हा त्यातला लहान भाग. २०२४ पासून कोलोरॅडोच्या बहुतेक ड्रॉमध्ये ७५ टक्के टॅग रहिवाशांचे आणि २५ टक्के बाहेरच्यांचे. आपल्याकडे मेडिकलला ८५ टक्के राज्य कोटा असतो. डोमिसाइल नसताना कुणी त्यातून सरकारी कॉलेजची सीट घेतली आणि वर्षभराने म्हणाला की 'मॅनेजमेंट कोट्याची फी भरतो, मग झालं ना?', तर त्याला काय उत्तर मिळेल ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा टॅग चुकीच्या वाट्यातून निघाला आहे. आठशे डॉलर भरून तो दुसऱ्या वाट्यात जात नाही.

भेदभावाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवू नका. हे भांडण लढून झालेलं आहे. मोंटानात रहिवाशाला नऊ डॉलरमध्ये एल्क मारता येई आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचं एकत्रित लायसन्स घ्यावं लागे, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ मध्ये बाल्डविन खटल्यात कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, हौसेची शिकार हा असा मूलभूत हक्क नाही की जो प्रत्येक राज्याने परक्याला स्वतःच्या रहिवाशाइतकाच द्यावा. मग ॲरिझोनाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवर वेगळ्या वाटेने, राज्यघटनेतल्या आंतरराज्य व्यापाराच्या कलमावरून, हल्ला झाला. २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात बाहेरच्या शिकाऱ्यांची बाजू वर आली आणि २००४ मध्ये खालच्या कोर्टाने मर्यादा रद्दही केली. इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळालेला तो विजय वर्षभरही टिकला नाही. मे २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, कायदा केला की शिकार-मासेमारीत राज्यांनी आपला-परका भेद केला तरी व्यापाराचं कलम आडवं येणार नाही. हे कलम इराक-अफगाण युद्धाच्या खर्चाच्या आणि त्सुनामी मदतीच्या विधेयकाला जोडून मंजूर झालं. जमीन फेडरल आहे हे खरं, पण तिच्यावर चरणाऱ्या एल्कचा कोटा राज्य ठरवतं. कुणी वकील याच मुद्द्यावर तुमच्याकडून फी घेऊन दावा लावतो म्हणाला तर दुसरा वकील शोधा.

आता रायफल. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांना हा भाग लागू नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ असे तात्पुरते व्हिसा असलेल्यांनी मात्र नीट वाचावा, कारण आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

फेडरल कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट, म्हणजे अशा तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. घेताना पकडलं तरच गुन्हा असं नाही. घरातल्या कपाटात असली तरी गुन्हा, आणि शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. या बंदीला जे थोडे अपवाद आहेत त्यातला तुमच्या उपयोगाचा एकच: अमेरिकेत कायदेशीररीत्या दिलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असणं. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला रायफल विकली ती तुमच्या टेक्सासच्या हंटिंग लायसन्सवर, आणि आजही ती तुमच्या घरात राहू शकते ती अशाच एखाद्या चालू लायसन्सवर. लायसन्स तुम्ही राहता त्याच राज्याचं असावं अशी अट नाही, पण मुदत संपलेलं चालत नाही.

टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. गेल्या सप्टेंबरात तुम्ही तिथेच राहत होता, तेव्हा ते घेतलं असेल तर ते तुम्हाला या महिन्याच्या अखेरीपर्यंत तारतं. १ सप्टेंबरला तुमच्या रायफलीच्या पाठीशी काय उरतं? कोलोरॅडोचा एल्क टॅग, आणि ड्रॉमध्ये भाग घेण्यासाठी आधी घ्यावं लागतं ते स्मॉल गेम, म्हणजे लहान शिकारीचं, लायसन्स. तेही तुम्ही मार्चमध्ये रेसिडेन्ट म्हणूनच घेतलंत. खोट्या रकान्यावर मिळालेलं लायसन्स 'कायदेशीररीत्या दिलेलं' ठरतं का? सरकारी वकील नाही म्हणेल. बचावाचा वकील म्हणेल की वन्यजीव खात्याने रद्द करेपर्यंत ते वैधच आहे. ऐकायला दोन्ही बरं वाटतं. पण आपल्या व्हिसावर हा प्रश्न कोर्टाकडून सोडवून घेण्याची हौस कुणी करू नये, कारण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे.

"मला माहीत नव्हतं" याला थोडी किंमत आहे. २०१९ च्या रेहैफ निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण आपण एच-१बीवर आहोत हे तुम्हाला माहीतच आहे, आणि अर्जाची गफलत मित्राने सांगितली त्या दिवसापासून तीही माहीत आहे. आजपासून पुढे या बचावावर विसंबू नका.

तेव्हा ३१ ऑगस्टच्या आत एक स्वच्छ लायसन्स हातात हवं. १० मे उलटून गेला आहे. आज खरेदी केली तर सहा महिन्यांची अट भरते. फक्त सहा महिने राहणं पुरत नाही, हेच आपलं कायमचं घर आहे असा हेतूही दिसावा लागतो, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाचा तो हेतू खातं कसा मानेल याची हमी मी इथून देणार नाही. शंका असेल तर चढी किंमत मोजून नॉनरेसिडेन्ट स्मॉल गेम घ्या. जास्त पैसे भरले म्हणून कुणी खटला भरत नाही. ३१ तारखेपर्यंत हे जमलं नाही तर रायफल बंदुकांच्या लायसन्सधारक दुकानदाराकडे ठेवायला द्या. बायकोच्या नावावर नको, ती एच-४वर असेल तर बंदी तिलाही तशीच आहे. मित्राच्या गॅरेजमध्येही नको, कोलोरॅडोत २०१३ पासून खासगी हस्तांतरालाही पार्श्वभूमी तपासणी लागते.

एल्कच्या टॅगवर शिकार करू नका. जनावर पडलं की कागदावरची चूक बेकायदा शिकार बनते, आणि मांसाचा वाटा प्लेनोच्या मित्रांना न्यायला राज्याची हद्द ओलांडलीत की बेकायदा शिकारीची अशी ने-आण गुन्हा ठरवणारा फेडरल लेसी ॲक्ट येतो. एका राज्याने लायसन्स रोखलं तर वन्यजीव गुन्ह्यांच्या आंतरराज्य करारामुळे बहुतेक राज्यं ते मानतात, त्यामुळे 'मग वायोमिंगला जाईन' हाही मार्ग नाही.

टॅग परत करा, पण स्वतः फोन करून, सगळी हकीकत सांगून नव्हे. खातं चूक कबूल करणाऱ्याशी बहुधा मवाळ वागतं, पण बहुधा म्हणजे नेहमी नाही, आणि तुमचं एक वाक्य उद्या ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये येऊ शकतं. ग्रीन कार्डसाठीच्या आय-४८५ फॉर्ममध्ये अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केलात का, असा थेट प्रश्न आहे. त्याचं उत्तर काय लिहायचं हे इमिग्रेशनच्या वकिलाने ठरवायचं, आणि खात्याला जाणारं पत्र त्याच्या नजरेखालून जायला हवं. परतीची मुदत हंगामाच्या बरीच आधी संपते, म्हणून ही भेट याच आठवड्यात घ्या. जाताना टेक्सासचं लायसन्स, मार्चच्या दोन्ही खरेदीच्या पावत्या, रायफलीचं बिल आणि ते तीन कागद, एआर-११, पिटिशन आणि टॅक्स फॉर्म, बरोबर न्या.

पुढचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठच्या आत, माउंटन टाइमप्रमाणे. खात्याने लायसन्स रोखलं नसेल आणि मधल्या काळात घर बदललं नसेल तर तेव्हा सहा महिन्यांचा प्रश्न येणार नाही.