स्वतःच्या कामाची चौकट स्वतः लिहावी का?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर असून सहा महिन्यांपूर्वी चाकणमधील एका लहान ऑटोमेशन कंपनीत रुजू झाली. प्रोबेशन संपत आल्यावर मॅनेजरने तिला स्वतःचा जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचे वर्णन) आणि केआरए (ज्यांवर कामगिरी मोजली जाते ती उद्दिष्टे) लिहून आणायला सांगितले आहे. मी पिंपरीतील कारखान्यात नोकरी केली. तिथे कोणाचे काम काय, हे युनियनच्या करारात ठरलेले असे. जास्त लिहिले तर काम अंगावर पडेल आणि कमी लिहिले तर ती कामचुकार ठरेल, अशी मला भीती वाटते. तिने काय करावे? – एक पालक, चिंचवड

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली भीती निराधार नाही, तरीही तिने हा मसुदा अवश्य लिहावा, असे माझे मत आहे. लहान कंपन्यांमधला जेडी बहुधा दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीवरून उतरवलेला असतो. ड्रॉइंगमधल्या दुरुस्त्या, व्हेंडरचा पाठपुरावा आणि ग्राहकाच्या साइटवरून येणारे फोन यांत दिवस कसा जातो, हे सहा महिन्यांनंतर तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. हीच मागणी रुजू होण्याच्या दिवशी झाली असती, तर मी नकोच म्हटले असते.

आपल्या काळी औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९-अ नुसार कामगारांच्या ठरावीक सेवाशर्ती बदलण्यापूर्वी मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे आणि वाटाघाटीला युनियन असे. लहान कंपनीत युनियन बहुधा नसते, आणि कागदावर नसलेली कामे हळूहळू सर्वांत नव्या माणसाच्या टेबलावर येतात. म्हणून अंगावर काम पडण्याची भीती लिहिण्यापेक्षा न लिहिण्यात अधिक आहे.

कॅलिफोर्नियातील मॉर्निंग स्टार या टोमॅटो प्रक्रिया करणाऱ्या कंपनीत प्रत्येक जण आपल्या जबाबदाऱ्यांचे पत्र स्वतः लिहितो; परंतु ज्यांच्या कामावर आपल्या कामाचा परिणाम होतो, त्या सहकाऱ्यांशी बोलून तो ते ठरवतो. एकट्याने लिहिलेली यादी फार तर इच्छांची यादी ठरते. कर्मचाऱ्याने आपल्या कामाला स्वतः आकार देण्याच्या या प्रकाराला एमी व्रझेस्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये ‘जॉब क्राफ्टिंग’ असे नाव दिले. (एचआरच्या कार्यशाळांत ही कल्पना मोठ्या उत्साहाने मांडली जाते, नवे काम आले की जुने कोणते कमी होणार, हा प्रश्न मात्र तिथे सहसा निघत नाही.)

तिने आधी दोन आठवडे कामाची रोजची नोंद ठेवावी आणि परचेस व असेंब्लीतील सहकाऱ्यांशी बोलून मगच लिहायला बसावे. प्रत्येक जबाबदारीपुढे त्याबाबत कोणता निर्णय ती स्वतः घेऊ शकते, हे नोंदवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. व्हेंडरचा पाठपुरावा तिच्याकडे असेल, तर डिलिव्हरीची तारीख बदलण्यास ती मान्यता देऊ शकते का, आणि किती रकमेपर्यंतची खरेदी ती मंजूर करू शकते? अधिकार नसेल, तर तिथे ‘जबाबदारी’ न लिहिता ‘सहाय्य’ लिहावे. केआरएचेही तसेच आहे. मशीन वेळेवर डिस्पॅच होणे हे परचेसपासून पेंटशॉपपर्यंत अनेकांच्या हाती असते, त्यामुळे ते तिने आपले उद्दिष्ट म्हणून स्वीकारू नये. ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत बिनचूक बीओएम (मशीनला लागणाऱ्या सर्व भागांची यादी) देणे मात्र तिच्या हातात आहे. कमी लिहिल्यास कामचुकार ठरण्याची भीती रोजच्या नोंदींमुळे आपोआप मिटेल. पीएलसी (मशीनचे नियंत्रण करणारा औद्योगिक संगणक) प्रोग्रॅमिंगसारखे एखादे शिकायचे कामही तिने त्यात घालावे आणि त्यासाठी आठवड्यातला निश्चित वेळ मागावा.

अंतिम निर्णय मॅनेजरचाच राहील आणि तो तसाच असावा, कारण इतरांची कामे आणि कंपनीची निकड त्यालाच एकत्र पाहावी लागते. चर्चेत जे ठरेल, ते तिने त्याच दिवशी ईमेलने कळवून त्याची संमती घ्यावी. मसुद्यात भर घालायला तो तयार आहे, पण अधिकारांविषयी बोलायला किंवा लेखी दुजोरा द्यायला टाळाटाळ करतो, असे दिसले तर आपली शंका खरी समजावी आणि वर्षभराचा अनुभव पदरी पडताच तिने दुसरीकडे अर्ज सुरू करावेत.

आपण तिच्यासाठी मसुदा लिहू नये, पण वाचून अवश्य पाहावा. ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ हे वाक्य आपण करारांतून नक्कीच पाहिले असेल. ते काढून टाकायला कंपनी सहसा तयार होत नाही. परंतु अशी कामे दर तीन महिन्यांनी तपासून एकतर मूळ यादीत घ्यावीत किंवा दुसऱ्याकडे द्यावीत, एवढी अट त्यापुढे जोडण्याचा आग्रह तिने धरावा.