उन्हाच्या उष्णतेवर अमोनिया

प्रश्न : मी चेंबूरला राहते, बारावी सायन्सला आहे. आरसीएफच्या खत कारखान्यामुळे अमोनियाचं नाव लहानपणापासून ऐकतेय. आता उन्हाच्या उष्णतेवर अमोनिया करण्याचे प्रयोग चाललेत असं वाचलं. त्यात लोखंडाच्या उत्प्रेरकाऐवजी काय वापरतात? मुंबईत असा कारखाना चालेल का?

उत्तर : आधी दाबाचं बघू. अमोनिया प्लांटला नोकरीत असताना कॉम्प्रेसर हाउसमध्ये शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडूनच बोलावं लागायचं. हेबर पद्धतीत, म्हणजे लोखंडाच्या उत्प्रेरकावर नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ४००-५०० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, त्याचा तो आवाज. नव्या पद्धतीत हा दाब बराच खाली आणायचा आहे.

त्यासाठी उत्प्रेरक नव्हे, नायट्रोजन वाहून नेणारा पदार्थ लागतो. उदाहरणार्थ कोबाल्ट-मॉलिब्डेनम नायट्राइड, म्हणजे या दोन धातूंचं नायट्रोजनशी झालेलं संयुग. त्यावरून गरम हायड्रोजन सोडला की ते स्वतःतला निम्मा नायट्रोजन देऊन टाकतं आणि अमोनिया बनतो. मग हायड्रोजन बंद करून नायट्रोजन सोडायचा. नायट्राइड पुन्हा भरतं. हा हायड्रोजन मात्र नैसर्गिक वायूतून घेतला तर कार्बन डायऑक्साइड आलाच. म्हणून हायड्रोजन अक्षय विजेवर पाण्यातूनच काढायला हवा.

नायट्रोजन हवेतूनच घ्यायचा, पण ऑक्सिजन काढून. तिथे ऊन कामाला येतं. स्ट्रॉन्शियम-लोहाचं ऑक्साइड आरशांनी एकवटलेल्या उन्हात तापवलं की ऑक्सिजन सोडतं. त्यानंतर त्यावरून हवा नेली की ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, पुढे जातो तो नायट्रोजन. इथे जरा जरी ऑक्सिजन मागे राहिला तरी पुढचं नायट्राइड खराब होतं. शिवाय तापून-निवून भुकटीचे कण एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग घटतो, काम मंदावतं. माझ्या मते खरा कस इथेच आहे. एकदा अमोनिया काढून दाखवणं सोपं. हजारो फेऱ्या टिकणारी भुकटी बनवणं अवघड.

मुंबईत नको. आरशांना थेट ऊन लागतं; आपल्याकडे चार महिने ढग आणि एरवीही दमट, धूसर हवा. राजस्थान किंवा कच्छ बरं.

तुला यात पुढे जायचं असेल तर एलिंगहॅम आलेख नीट समजून घे. कोणता धातू कोणत्या तापमानाला ऑक्सिजन किती घट्ट धरतो, हे त्यातून कळतं. असाच हिशेब नायट्राइडांचाही मांडता येतो. तो मांडून पाहा, अडलीस तर मला लिही.