कागदावर 4.8 वॅट, हातात 3.2

प्रश्न : मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 1 मिलिमीटर गेट-रुंदीच्या गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरचं मॉडेल बनवलंय. डीसीचे (स्थिर व्होल्टेज-करंटचे) आलेख रेषेवर रेषा बसतात, एस-पॅरामीटरही (छोट्या उच्च-वारंवारता संकेताला मिळणारा प्रतिसाद) जुळतात. पण 28 व्होल्ट, 3.5 गिगाहर्ट्झला सिम्युलेशन 4.8 वॅट दाखवतं आणि मोजल्यावर जेमतेम 3.2 मिळतात. केबलचा लॉस दोनदा तपासला. चुकतंय कुठे?

उत्तर : केबल ठेवा बाजूला. एस-पॅरामीटर जुळताहेत, म्हणजे पॅडचा कपॅसिटन्स, गेटचा इंडक्टन्स वगैरे तुम्ही नीट काढलंय. माझा संशय त्या देखण्या डीसी आलेखावरच आहे.

डीसी मोजताना ड्रेन (ट्रान्झिस्टरच्या आउटपुट टोकाचा व्होल्टेज) शून्यापासून सावकाश वर जातो. 4 व्होल्टच्या नी-पाशी (आलेखाचा गुडघा, जिथे वाढता करंट सपाट होतो) ट्रॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष, बरेचसे रिकामे असतात. आरएफमध्ये (रेडिओ-वारंवारतेला) तोच ड्रेन दर आवर्तनात 50 व्होल्टच्या आसपास जाऊन खाली येतो. वर असताना बफरमधल्या (चॅनेलखालच्या थरातल्या) आणि पृष्ठभागावरच्या ट्रॅपमध्ये इलेक्ट्रॉन अडकतात. अडकतात पटकन, सुटायला मात्र मिलिसेकंद, कधी सेकंदही लागतात. तुमचं आवर्तन 0.29 नॅनोसेकंदाचं! त्यात कोण सुटणार? करंट वाहून नेणारं चॅनेल उपाशी राहतं आणि नी उजवीकडे सरकतो.

ढोबळ हिशेब करा : पुरवठ्यातून नी वजा, गुणिले कमाल करंट, भागिले 4. नी 4 व्होल्ट, करंट 0.8 अँपिअर : (28−4)×0.8÷4, म्हणजे 4.8 वॅट. आता नी 8 व्होल्ट आणि करंट 0.65 धरा : 20×0.65÷4, म्हणजे 3.25. सापडला ना हरवलेला दीड वॅट?

खात्रीसाठी पल्स आयव्ही घ्या, म्हणजे एका बिंदूवर थांबून क्षणिक पल्सने करंट-व्होल्टेज मोजा. आधी गेट-ड्रेन दोन्ही शून्यावर ठेवून, मग गेट पिंच-ऑफला (चॅनेल बंद होईल अशा व्होल्टेजला), मग पिंच-ऑफसोबत ड्रेन 28 वर. दुसऱ्या-तिसऱ्या आलेखातली फट म्हणजे ड्रेन-लॅग, ड्रेनच्या व्होल्टेजने भरलेल्या ट्रॅपचा परिणाम. एएसएम-हेम्ट वापरत असाल (गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरचं तयार मॉडेल; आयआयटी कानपूरचा त्यात मोठा वाटा आहे, 2018 मध्ये ते उद्योगाचं प्रमाण मॉडेल झालं), तर ‘ट्रॅपमॉड’ हा त्यातला ट्रॅपिंगचा स्विच शून्यावर राहिलंय का ते बघा. शून्य असेल तर ट्रॅपिंग हिशेबातच येत नाही. मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात तो आकडा) ओढूनताणून आकडा जुळवू नका. दुसऱ्या बायसला (वेगळ्या स्थिर व्होल्टेजला) पितळ उघडं पडतं.

एक सांगते. उमेदवारीत मला एका वेफरवर ड्रेन-लॅग जवळजवळ दिसलाच नाही. दोन दिवस मी हवेत होते. मग लक्षात आलं, प्रोब टेकवताना लावलेला मायक्रोस्कोपचा दिवा तसाच चालू होता आणि उजेडाने ट्रॅप मोकळे होत होते. दिवा मालवला, झाकण लावलं, पंधरा मिनिटं थांबले. फट हजर!