विषाणू डासाच्या पोटात आहे, पण लाळेत उतरला का?

प्रश्न : विषाणूत बदल झाला की चिकुनगुन्याची साथ भडकते, असं वाचलं. नागपूरचे डास त्याचा प्रत्येक प्रकार सारखाच पसरवतात का? आणि हे कळतं कसं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : सारखाच नाही. २००५-०६च्या साथीत हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर या विषाणूच्या ई१ नावाच्या प्रथिनात २२६व्या जागी अॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं आलं. तेवढ्याने इडिस अल्बोपिक्टस हा झाडीतला डास त्याचा पक्का वाहक झाला. इडिस इजिप्तीला मात्र फारसा फरक पडला नाही. दोघेही पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणून गल्लत होते. आपल्या कूलरमध्ये वाढतो तो मुख्यतः इजिप्ती. तेव्हा तिकडचा निष्कर्ष इकडे चिकटवू नये, इथलेच डास तपासावेत.

त्यासाठी वस्तीतून अळ्या आणून पुढची पिढी वाढवतात. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत पोसलेले डास इथे कामाचे नाहीत, ते बदललेले असतात. पाच-सात दिवसांच्या माद्यांना दिवसभर साखरपाणी तोडतात. मग ३७ अंशांवर ठेवलेलं विषाणू मिसळलेलं रक्त पातळ पडद्यातून पाजतात. पोट लाल टम्म झालेल्या तेवढ्याच माद्या निवडून २८ अंशांवर ठेवायच्या. सातव्या आणि चौदाव्या दिवशी त्यांचे पाय-पंख काढून सोंड सिरम (रक्तजल) भरलेल्या बारीक नळीत अर्धा-पाऊण तास अडकवतात, लाळ त्यात उतरते.

धड, पाय आणि लाळ वेगवेगळी तपासायची. विषाणू फक्त धडात सापडला तर तो आतड्यातच अडकला. पायांत सापडला तर आतड्याची भिंत ओलांडून अंगभर पसरला. पण चावून रोग द्यायला तो लाळेतच हवा.

चुका होतात त्या इथे. एका प्रकाराचा डोस जास्त, दुसऱ्याचा कमी, मग तुलना कसली? गोठवून वितळवलेला विषाणू ताज्याइतका जोमदार नसतो. फक्त सातव्या दिवशी पाहिलं तर सावकाश वाढणारा प्रकार निसटतो. पीसीआर या जनुकीय चाचणीला विषाणूचा निर्जीव अवशेषही दिसतो, म्हणून लाळ जिवंत पेशींवर टाकून पाहणं भाग आहे.

आता तुमच्या कूलरचं. प्रकार कुठलाही असो, पाऊस लागला की नुसतं पाणी ओतून टाकून कूलर कोपऱ्यात सारू नका. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. ती कड ब्रशने खरवडून काढा. कूलर चालू असेल, तर हेच दर आठवड्याला.